वाचक विचारतात : त्या शिक्षकांची पद्धत आपल्या वस्तीत चालेल का?

मागच्या अंकात अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय शिक्षकांवर लेख होता. साउथ कॅरोलायनात १७४० पासूनच गुलामाला लिहायला शिकवणाऱ्यास दंड होता. गुलामी कायद्याने संपल्यावर त्याच भागात या शिक्षकांनी शाळा कशा उभ्या केल्या, हा लेखाचा विषय. त्यावर नागपूर आणि आजूबाजूच्या तालुक्यांतून बरीच पत्रं आली. लेख आवडल्याचं कळवणाऱ्यांचे आभार. जागा मात्र ज्यांना त्यातून काही करून बघायचं आहे त्यांच्या प्रश्नांना दिली आहे.

प्रश्न : कार्व्हर आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहेत. ते शिक्षक म्हणून नेमकं काय करत? आणि त्यांच्यापलीकडे कोणाबद्दल वाचावं? (विद्यार्थिनी, काटोल)

कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून अलाबामातल्या टस्कीगीला, त्यांच्या कृष्णवर्णीयांसाठीच्या शिक्षणसंस्थेत आले. कॉलेजात ते शिकवतच, पण ज्याला शाळेत येणं परवडत नव्हतं त्या शेतकऱ्यासाठी त्यांनी १९०६ मध्ये घोडागाडीवरची शाळा तयार केली. देणगीदाराच्या नावावरून तिला जेसप वॅगन म्हणत. गाडीत नांगर, दुधावरची साय वेगळी करण्याचं यंत्र, बियाणं, खतं अशी प्रत्यक्ष दाखवायची वस्तू असे. गाडी चालवणारे थॉमस कॅम्पबेल हेच तिचे शिक्षक. ते शेताच्या बांधावर उभं राहून नांगरट करून दाखवत.

धडा तुमच्या भागाला जवळचा आहे. कापसामागून कापूस घेतला की जमिनीतलं नत्र संपतं, म्हणून मध्ये चवळी, भुईमूग यांसारखं द्विदल पीक घ्या. कपाशीत तुरीची ओळ पेरणाऱ्या काटोलच्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. कार्व्हरांची शिक्षक म्हणून हुशारी त्याच्या पुढच्या पायरीत आहे. भुईमूग पिकवा म्हणायचं तर तो खायचा कसा हेही सांगायला हवं, म्हणून १९१६ च्या पत्रिकेत लागवडीसोबत भुईमुगाचे १०५ पदार्थ दिले. अशा ४४ पत्रिका त्यांनी काढल्या. कृषी विभागाच्या आपल्या घडीपत्रिका शेजारी ठेवून बघा. त्यात लागवड असते, स्वयंपाकघर नसतं.

पुढची नावं. फिलाडेल्फियात १८६९ पासून शाळेच्या प्रमुख असलेल्या फॅनी जॅक्सन कॉपिन. त्या जन्माने गुलाम होत्या. ॲना ज्युलिया कूपर, ज्यांनी वॉशिंग्टन शहरातल्या एम स्ट्रीट शाळेचं मुख्याध्यापकपद सांभाळलं आणि १९२५ मध्ये पॅरिसच्या सोरबॉनमधून डॉक्टरेट मिळवली. जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरच्या लूसी लेनी, ज्यांच्या शाळेत मेरी मॅक्लॉड बेथ्यून आधी शिकवायला होत्या आणि मग स्वतःची शाळा काढायला बाहेर पडल्या. व्हर्जिनिया रँडॉल्फ, ज्या १९०८ पासून हेनरायको परगण्यातल्या शाळाशाळांत फिरून दुसऱ्या शिक्षकांना हातकाम, स्वच्छता, बागकाम शिकवत. कार्टर वुडसन आणि सेप्टिमा क्लार्क पुढच्या उत्तरांत येतील. एकच वाचायचं असेल तर क्लार्कबाईंपासून सुरुवात करा.

प्रश्न : आम्ही वस्तीत मोठ्या बायांचा साक्षरता वर्ग चालवतो. सुरुवातीला वीसेक येतात, तिसऱ्या महिन्यात पाच उरतात. सेप्टिमा क्लार्क यांच्या वर्गांत लोक टिकत ते कशामुळे? (कार्यकर्ती, इंदोरा)

आधी तो वर्ग कसा होता ते बघू. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहराजवळ जॉन्स आयलंड नावाचं बेट आहे. मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे, आणि बेटावरच्या बहुतेक कृष्णवर्णीय प्रौढांना वाचता येत नसे. इसॉ जेन्किन्स हे तिथले बसवाले. मजुरांना शहरात नेता-आणता ते बसमध्येच घटनेतले उतारे त्यांच्याकडून पाठ करून घेत. पाठांतराने काम निभेना, तेव्हा जानेवारी १९५७ मध्ये क्लार्कबाईंच्या पुढाकाराने रीतसर वर्ग सुरू झाला. विद्यार्थी १४. पुढे सहकारी किराणा दुकान, मागच्या खोल्यांत वर्ग. गोऱ्या लोकांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून ही रचना.

शिकवायला बर्निस रॉबिन्सन होत्या. त्या केशरचनेचं आणि शिवणाचं काम करत, शिक्षकाचं प्रशिक्षण नव्हतं. ही निवड मुद्दाम केलेली होती. एक तर शिकलेला मास्तर प्रौढांशी नकळत वरच्या पट्टीत बोलतो, अशी क्लार्कबाईंना धास्ती होती. दुसरं कारण पोटाचं. स्वतः क्लार्कबाईंची जवळपास ४० वर्षांची शिक्षकाची नोकरी १९५६ मध्ये गेली, पेन्शनही गेली. कारण एवढंच की एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेचं सदस्यत्व सोडायला त्यांनी नकार दिला आणि राज्याने सरकारी नोकरांना त्याची बंदी केली होती. रॉबिन्सनबाईंची गिऱ्हाइकं सगळी कृष्णवर्णीय. त्यांची भाकर कोणी काढून घेऊ शकत नव्हतं.

वर्ग आठवड्यातून दोन संध्याकाळी, दोन-दोन तास, शेतीचं काम थंड असताना. बाईंनी सुरुवातीला लहान मुलांची वाचनपुस्तकं आणली होती, ती बाजूला ठेवली आणि लोकांनाच विचारलं की काय शिकायचंय. उत्तरं अशी आली: स्वतःचं नाव लिहायचं, फौजेतल्या मुलाचं पत्र वाचायचं, मनिऑर्डर भरायची, टपालाने माल मागवायचा फॉर्म भरायचा. तोच अभ्यासक्रम झाला. मतदार नोंदणीचा अर्ज त्यातच होता.

आता तुमच्याकडे. पहिल्या संध्याकाळी बाराखडी काढू नका. प्रत्येकीला घरातला एक न वाचता आलेला कागद आणायला सांगा. वीज बिल, बचत गटाचं पासबुक, दवाखान्याची चिठ्ठी, रेशनची पावती, मुलाच्या शाळेची नोटीस, काहीही. जे कागद तीन-चार जणींकडे सारखे निघतील तेवढ्यांवर पहिला महिना चालतो.

नाव शिकवायची त्यांची रीत पुठ्ठ्याची होती आणि ती देवनागरीला छान बसते. चपलेच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, जाड स्केचपेनने प्रत्येकीचं नाव दोन इंच उंच अक्षरात लिहा. आधी बोटाने गिरवायचं, उच्चार मोठ्याने करत, आठ-दहा वेळा. मग पेन्सिलीच्या मागच्या टोकाने. मग वर बटर पेपर ठेवून पेन्सिलीने. मग पुठ्ठा समोर ठेवून वहीत, आणि शेवटी पुठ्ठा उलटा करून. शिरोरेघ शेवटी ओढायची. आधी ओढली की अक्षरं तिला लोंबकळतात आणि अंतर चुकतं. सत्यभामा, प्रज्ञा, दुर्गा अशी नावं असली तरी जोडाक्षर सोडवून सांगायच्या फंदात सुरुवातीला पडू नका. नाव आधी चित्र म्हणून हाताला बसू द्या, फोड पुढच्या आठवड्यात. दुर्गामधला रफार आणि वेलांट्या हमखास चुकतात, त्यांना वेगळ्या रंगाचं पेन वापरा.

गळतीची कारणं बहुतेक वेळा अभ्यासाबाहेरची असतात. पहिलं, चाळिशी. पंचेचाळिशीच्या बाईला जवळचं धूसर दिसतं, तिला वाटतं आपल्याला जमत नाही, आणि ती येणं थांबवते. पहिल्याच आठवड्यात हातभर अंतरावरून वर्तमानपत्राचा बारीक मजकूर दाखवा. अक्षरं ओळखायची गरज नाही, रेघा सुट्या दिसतात का एवढं विचारा. दिसत नसतील तर मेयो किंवा मेडिकल या सरकारी दवाखान्यांच्या नेत्र विभागात एका सकाळी सगळ्यांना एकत्र न्या. दुसरं, हात. भांडी घासणारा, विटा वाहणारा हात पेन्सिल फार दाबतो, टोक मोडतं आणि बाई ओशाळते. पहिले पंधरा दिवस पाटी आणि खडू, नंतर जाड २बी पेन्सिल. तिसरं, वेळ. बेटावर हिवाळा हा रिकामा काळ होता. आपल्याकडे गावात वेचणीमुळे हिवाळाच भरलेला असतो. हिंगण्या-कामठीकडच्या गावांत होळीनंतर ते मिरगापर्यंत वर्ग ठेवा आणि उकाडा बघता रात्री आठनंतर, गच्चीवर. शहरात घरकामाला जाणाऱ्या बायांना दुपारी दोन ते चार मोकळं मिळतं, विचारून घ्या.

चौथं कारण सर्वांत महत्त्वाचं: तुमच्या वर्गाला शेवट नाही. तिथे वर्ग ठरावीक महिन्यांनी संपायचा आणि संपायचा तो नोंदणी कार्यालयात. तीन महिन्यांनी प्रत्येक बाई बँकेच्या खिडकीवर पैसे काढायची स्लिप स्वतः भरेल, असं पहिल्या दिवशी सांगा. स्लिपवर रक्कम अक्षरी लिहावी लागते. मराठीत एक ते शंभर प्रत्येक आकड्याचं नाव वेगळं, ते सगळं पाठ करून घेऊ नका. पाचशे, एक हजार, दोन हजार, पाच हजार आणि ‘फक्त’ एवढे शब्द पुरतात. मतदार नोंदणी करायची असेल तर नवीन नावाला नमुना ६, पत्ता बदल वा दुरुस्तीला नमुना ८. कोऱ्या नमुन्याच्या झेरॉक्सवर आधी तीनदा सराव करून घ्या.

आणि पहिल्या तुकडीतली एक बाई दुसऱ्या तुकडीची शिक्षिका करा. १९६१ पासून जॉर्जियातल्या डॉर्चेस्टर केंद्रात गावोगावचे लोक राहायला बोलावून असेच शिक्षक घडवले गेले. मतदान हक्काच्या लढ्यातल्या फॅनी लू हेमरही त्यांत होत्या. १९७० पर्यंत असे सुमारे ९०० वर्ग चालले. एवढ्या बी.एड. झालेल्या शिक्षकांची वाट पाहिली असती तर दहाही चालले नसते.

प्रश्न : विहाराला लागून अभ्यासिका बांधायची आहे. लेखात रोझेनवाल्ड शाळांच्या पूर्व-पश्चिम खिडक्यांचा उल्लेख होता. तशाच ठेवाव्यात का? आणि त्या लोकांनी पैसा कसा उभा केला? (समिती सदस्य, नारी)

खिडक्या तशाच ठेवू नका. कारण सांगतो.

१९१२ मध्ये शिकागोचे व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी टस्कीगीला २५ हजार डॉलर दिले. त्यातल्या काही रकमेतून बुकर वॉशिंग्टन यांनी अलाबामात सहा खेडेशाळा बांधून बघितल्या. तिथून वाढत १९३२ पर्यंत दक्षिणेच्या १५ राज्यांत ४,९७७ शाळा झाल्या. वीज बहुतेक ठिकाणी नव्हती, म्हणून नकाशेच उजेडाभोवती आखलेले. उंच खिडक्यांची सलग रांग, तीही वर्गाच्या एकाच बाजूला आणि मुलांच्या डाव्या हाताला. उजेड डावीकडून आला की उजव्या हाताची सावली वहीवर पडत नाही. खिडक्यांच्या समोरच्या भिंतीत वर छोटे झरोके, वाऱ्यासाठी. भिंती वर फिक्या, खाली गडद. खिडक्या पूर्वेला किंवा पश्चिमेला ठेवल्या की दिवसातून काही वेळ थेट ऊन आत येतं. लाकडाच्या शेगडीवर हिवाळा काढणाऱ्या शाळेला ते हवंच होतं.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पश्चिमेची खिडकी म्हणजे दुपारी तीनपासून भट्टी. आपल्याला उत्तरेचा उजेड घ्यायचा आहे. तो दिवसभर सारखा राहतो आणि सोबत ऊन आणत नाही. नागपूर २१ अंश अक्षांशावर असल्याने मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकतो आणि सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं, म्हणून उत्तरेलाही दीड-दोन फुटांचा छज्जा आणि बाजूला उभ्या पट्ट्या ठेवा. आता डावीकडचा उजेड साधायचा तर मुलांची तोंडं पूर्वेला हवीत: पूर्वेकडे तोंड करून बसलं की उत्तर डाव्या हाताला येते. म्हणजे फळा पूर्वेच्या भिंतीवर. फळ्याच्या भिंतीत खिडकी अजिबात नको, नाहीतर डोळे दिपतात आणि फळा काळवंडलेला दिसतो. डावखुऱ्या मुलांसाठी एक टेबल उलट तोंडाने ठेवा.

खोली खिडकीपासून किती आत जाते तेही मोजा. खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दोन ते अडीच पटीपर्यंतच कामाचा उजेड पोचतो. काठ ७ फुटांवर असेल तर १५-१७ फूट. त्यापलीकडच्या टेबलांना भर दुपारी दिवे लागतील. पैसा वाचवायला लोक खिडकी लहान करतात. त्यापेक्षा ग्रॅनाइटची फरशी रद्द करा. दक्षिणेच्या भिंतीत छताजवळ जाळीचे झरोके ठेवले की गरम हवा निघून जाते, पण बाहेरून पावसाची पन्हाळ द्या, नाहीतर पहिल्याच झडीत पुस्तकं भिजतील.

पैशाचं गणित. सगळ्या इमारतींचा खर्च सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर झाला. त्यात रोझेनवाल्ड फंडाचे सुमारे ४४ लाख आणि कृष्णवर्णीय कुटुंबांचे ४७ लाख, म्हणजे ज्यांचं नाव शाळेला पडलं त्यांच्यापेक्षा मजुरांनी जास्त दिले. सुमारे १ कोटी ८१ लाख करातून आले, गोऱ्या नागरिकांकडून १२ लाखांच्या आसपास. या कुटुंबांनी कर भरलाच होता, वरून पुन्हा वर्गणी दिली. एका शाळेसाठी दोनदा मोजले. रोख नसेल त्याने लाकूड दिलं, गवंडीकाम केलं. काही गावांत शेताचा एक तुकडा शाळेच्या नावाने राखून त्यावरचा कापूस विकून आलेले पैसे शाळेला दिले. तुम्हीही वर्गणीच्या वहीत तीन रकाने करा: रोख, माल, श्रम. मालाची आणि श्रमाची त्या दिवशीच्या बाजारभावाने किंमत मांडा, सही-अंगठा घ्या. पुढे देणगीदार किंवा शासन तुमचा वाटा किती असं विचारतं तेव्हा ही वही दाखवता येते.

फंडाची अट होती की इमारत सरकारी शाळाखात्याच्या मालकीची व्हावी. हेतू चांगला होता, कारण पगार आणि देखभाल सरकारवर पडली. पण १९५४ नंतर गोऱ्या-काळ्यांच्या शाळा एकत्र करताना मंडळांनी यातल्या असंख्य इमारती बंद केल्या, विकल्या, पडू दिल्या. ज्यांच्या आजोबांनी वासे दिले त्यांना विचारलंही नाही. जागेचे कागद बांधकामाआधी नीट करा. जमीन कोणा एका भाऊंच्या नावावर नको, विश्वस्त संस्थेच्या नावावर हवी. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आणि घटनेत ‘संस्था बंद झाल्यास मालमत्ता कोणाकडे जाईल’ हे कलम स्पष्ट हवं. अभ्यासिकेला ग्रंथालय म्हणून अनुदान मिळवायचं असेल तर १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली वेगळी मान्यता लागते. दाखल नोंदवही पहिल्या पुस्तकापासून ठेवा, मागाहून केलेली नोंदवही तपासणीत लगेच ओळखू येते.

प्रश्न : गोऱ्या-काळ्यांच्या शाळा एक झाल्या, ही तर चांगली गोष्ट. मग कृष्णवर्णीय शिक्षक बेकार कसे झाले? (निवृत्त मुख्याध्यापक, धंतोली)

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १७ मे १९५४ च्या ब्राउन निकालाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. अंमलबजावणी गोऱ्या शाळा मंडळांच्या हातात राहिली. त्यांनी कृष्णवर्णीय शाळा बंद केली, मुलं गोऱ्या शाळेत पाठवली आणि शिक्षकांना घेतलं नाही. अनेकांचे करार वर्षावर्षाचे होते, नूतनीकरण केलं नाही की संपलं. बडतर्फीचा आदेश काढायचीही गरज नव्हती. कुठे नव्या पात्रता परीक्षा लावल्या, कुठे मुख्याध्यापकाला साधा शिक्षक केलं. १९५४ ते १९६५ या काळात १७ राज्यांत सुमारे ३८ हजार कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, हा आकडा सर्रास दिला जातो.

त्याचा परिणाम आजही मोजता येतो. टेनेसीत १९८० च्या दशकात मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वर्गांत विभागून एक मोठा प्रयोग झाला होता. त्याची आकडेवारी नंतर तपासली तेव्हा दिसलं की तिसरीपर्यंत एक तरी कृष्णवर्णीय शिक्षक मिळालेली कृष्णवर्णीय मुलं कॉलेजात जाण्याचं प्रमाण तसा शिक्षक न मिळालेल्यांपेक्षा १३ टक्क्यांनी जास्त होतं. हे टक्के उचलून आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांना चिकटवू नयेत, तिथला वर्ग आणि इथला वर्ग वेगळा आहे. पण शाळा ‘समायोजित’ करताना आधी कोणाचं पद अतिरिक्त ठरतं, एवढं आपणही बघायला हरकत नाही.

प्रश्न : फुले-आंबेडकरांच्या कामाशी याची तुलना ओढूनताणून नाही का? (वाचक, वर्धा रोड)

धागा पहिल्यापासून आहे. जोतीरावांनी १८७३ ची ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. तरी जात आणि वंश एकमेकांवर ठेवून तंतोतंत जुळवू नका. नागपूरकरांना तर दूर जायलाच नको. रेल्वे स्टेशनवर हमाली केलेल्या जाईबाई चौधरींनी १९२२ मध्ये नागपुरात मुलींची शाळा काढली. त्यांचं चरित्र आणि बेथ्यूनबाईंचं चरित्र एकामागून एक वाचा, मग ठरवा.

प्रश्न : आमच्या आजी अस्पृश्य मुलींच्या शाळेत मास्तरीण होत्या. आता वय ८८. त्यांच्या आठवणी आणि कागद कसे जतन करावे? (वाचक, अजनी)

घाई करा, पण क्रमाने. कार्टर वुडसन यांनी १९१५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची संस्था काढली आणि १९२६ मध्ये इतिहास सप्ताह सुरू केला, तेव्हा त्यांचा भर याच गोष्टीवर होता: लेखी पुरावा नसेल तर समाज होता हेच पुढे नाकारलं जातं.

आधी लेखी संमती घ्या, एक पान पुरे: कोण ऐकू शकेल, छापता येईल का. ध्वनिमुद्रण सकाळी सात-आठला करा, कारण नंतर कूलर लागतो आणि त्याच्या घरघरीत म्हाताऱ्या माणसाचा आवाज बुडतो. पंखाही बंद. फोन एअरोप्लेन मोडवर, आजींपासून वीतभर-दीड वीत अंतरावर, टेबलावर घडी केलेल्या टॉवेलवर. नुसत्या टेबलावर ठेवला तर बांगड्यांचा आणि कपबशीचा आवाज आदळतो. साधं व्हॉइस ॲप आवाज दाबून टाकतं. वेव्ह फॉरमॅट, ४८ किलोहर्ट्‌झ निवडता येईल असं ॲप घ्या. एका बैठकीत तासभरच.

‘तेव्हा कसं वाटायचं?’ असं विचारलं की भाषण मिळतं. वर्गात किती मुली, कशावर बसायच्या, पाण्याचा माठ कोण भरायचं, पगार किती आणि कोणाच्या हातून, तपासनीस आला की काय करायचा, हे विचारा. हातात जुना वर्गफोटो द्या आणि डावीकडून एकेक नाव विचारत जा. नावं आली की गोष्टी आपोआप येतात. मध्ये दुरुस्ती करू नका. साल चुकलं तर बैठकीनंतर टिपून ठेवा.

फोटो ६०० डीपीआयला, कागद ३०० ला स्कॅन करा. फोटोच्या मागे नावं मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनची रेघ पुढून उमटते. लॅमिनेशन कधीच नाही, उष्णतेने फोटो जातो आणि परत काढता येत नाही. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो सुटत नसेल तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. मूळ कागद लोखंडी पेटीत, भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर वर, वाळवीसाठी. श्रावणात एकदा उघडून बघा. डिजिटल प्रती तीन: एक संगणकात, एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे. फाइलचं नाव तारखेने सुरू करा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे क्रम आपोआप लागतो.

शाळा अजून चालू असेल तर मुख्याध्यापकांना भेटून दाखल-खारीज रजिस्टर बघायची परवानगी मागा. ते कायम जपायचं दप्तर आहे. आजींच्या आठवणीतल्या नावांचा पडताळा तिथे होतो.

प्रश्न : बेथ्यून यांनी दीड डॉलरवर शाळा काढली आणि फळांपासून शाई केली, हे खरं का? तशी शाई बालिका दिनाच्या प्रदर्शनात मुलांकडून करून घेता येईल? (शिक्षिका, उमरेड)

खरं आहे. १९०४, फ्लोरिडातलं डेटोना, पाच मुली आणि त्यांचा स्वतःचा मुलगा, हाताशी दीड डॉलर. बसायला खोकी, शाई एल्डरबेरीच्या रसाची. रताळ्याचे ‘पाय’ नावाचे गोड पदार्थ विकून पैसा जमवला. ती शाळा आज बेथ्यून-कुकमन विद्यापीठ आहे. २०२२ मध्ये अमेरिकेच्या संसदभवनात फ्लोरिडातर्फे त्यांचा पुतळा बसला. राज्यातर्फे तिथे बसलेला कृष्णवर्णीय व्यक्तीचा तो पहिला.

एल्डरबेरी इथे मिळणार नाही आणि ३ जानेवारीला जांभळंही नसतात. फळाची शाई उन्हात लवकर फिकी पडते, म्हणून आपली जुनी हिरड्याची शाई करा. ५० ग्रॅम हिरड्याची भरड अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर निम्मं होईपर्यंत उकळा, सुती कापडाने दोनदा गाळा. थोड्या कोमट पाण्यात १५ ग्रॅम हिराकस (लोहाचं सल्फेट) विरघळवून त्यात घाला, मग १५ ग्रॅम बाभळीचा डिंक भिजवून मिसळा. हिरडा, हिराकस, डिंक तिन्ही इतवारीत काष्ठौषधीच्या दुकानांत मिळतात. बाटलीत दोन लवंगा टाकल्या तर बुरशी उशिरा धरते. लिहिताना शाई फिकट वाटेल, हवा लागली की काळी होते. मुलं घाबरून हिराकस वाढवतात, तसं केलं की काही वर्षांत कागदच जळून भोकं पडतात. हिराकस मोठ्यांनीच तोलावा, भांडं स्टीलचं, आणि गणवेशावर डाग पडला तर निघत नाही हे पालकांना आधी कळवा.